एक टन कोळसा, चार उत्तरे

एक टन कोळसा जाळला तर किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो? रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एका मराठी घरात या प्रश्नाची चार उत्तरे मी एकाच बैठकीत ऐकली: 1.10 टन, 1.52 टन, 1.88 टन आणि 2.44 टन. कोळसा एकच होता आणि गुणाकार चारही ठिकाणी बरोबर होते.

वाद मामा-भाचीचा. मामांची सगळी नोकरी सिलतरा आणि उरला या औद्योगिक पट्ट्यांतल्या स्पंज आयर्न कारखान्यांच्या प्रयोगशाळांत गेली. आता निवृत्त आहेत. भाची कॉस्ट अकाउंटंट. तिच्या कारखान्यात किल्न आहे, इंडक्शन फर्नेस आहे, पुढे रोलिंग मिल आहे, आणि आता तिच्या टेबलावर एक नवे काम येऊन पडले आहे: कार्बनचा ताळेबंद. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर 2024 मध्ये हरित पोलादाची व्याख्या ठरवली. तयार पोलादाच्या एका टनामागे 2.2 टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड असेल तरच ते हरित; 1.6 च्या खाली गेलात तर पाच तारे. युरोपीय संघाचा कार्बन सीमाकर 1 जानेवारी 2026 पासून लागू झाला आहे. रायपूरची सळई थेट युरोपला जात नसेलही, पण मोठे गिऱ्हाईक आता दरपत्रकासोबत हा आकडाही मागते.

रसायनशास्त्राबद्दल दोघांचे भांडण नाही. बारा किलो कार्बनला बत्तीस किलो ऑक्सिजन लागतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणून कार्बनच्या वजनाला 44 भागिले 12, म्हणजे 3.67 ने गुणायचे. जाळलेल्या वस्तूपेक्षा निघालेला वायू जड कसा, असे लोक विचारतात. हवेतला ऑक्सिजन आपण तोलत नाही, एवढेच त्याचे कारण. भांडण सुरू होते ते कोळशात कार्बन किती, या प्रश्नापाशी.

“मामा, मला यात फार शिरायचंच नाहीये,” भाची म्हणाली. “टनेज माझ्याकडं आहे, काट्याच्या पावत्यांसकट. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाची, म्हणजे आयपीसीसीची, 2006 ची मार्गदर्शक पुस्तिका आहे. त्यात बिट्युमिनस कोळशाच्या ओळीत लिहिलंय, किलोला 25.8 मेगाज्यूल उष्णता आणि एक गिगाज्यूल उष्णतेमागे 94.6 किलो वायू. गुणाकार केला, 2.44 टन आले. जगभर हेच वापरतात. ऑडिटर आला तर पान काढून दाखवते.”

“25.8 मेगाज्यूल म्हणजे सहा हजार किलोकॅलरीच्या वर. असा कोळसा दक्षिण आफ्रिकेतून येतो, रिचर्ड्स बे बंदरातून. आमच्या किल्नमध्ये तो मिसळायचो आम्ही, महाग पडायचा म्हणून मोजूनमापून. कोरब्याहून येणाऱ्या ट्रकमध्ये तो तुला कोण देणार आहे?”

“बरं, मग आपल्या देशाचा आकडा घेते. 2004 मध्ये भारतानं संयुक्त राष्ट्रांना पहिला राष्ट्रीय अहवाल दिला, त्यात नॉन-कोकिंग कोळशाला 19.63 मेगाज्यूल आणि 95.81 किलो धरलेत. 1.88 टन होतात.”

“तोही कुठल्या कोळशाचा? देशभरच्या सरासरीचा. आजच्या प्रतवारीत बसवलास तर जी-9 च्या आसपास जाईल. तुझ्या आवारात काय उतरतं?”

“बिलावर जी-11.”

“बिलावर,” मामा म्हणाले आणि थांबले.

प्रतवारीचे हे प्रकरण कोळशाच्या धंद्याबाहेर फारसे कोणाला माहीत नसते. 2011 संपेपर्यंत भारतात कोळशाच्या ए पासून जी पर्यंत सात प्रती होत्या आणि त्या एका सूत्रावर ठरत: 8900 मधून राख आणि ओलावा यांच्या टक्केवारीच्या बेरजेची 138 पट वजा करायची. जानेवारी 2012 पासून एकूण उष्मांक, म्हणजे जीसीव्ही, हा पाया झाला आणि सतरा प्रती आल्या. जी-11 म्हणजे किलोला 4001 ते 4300 किलोकॅलरी. बहुतेक प्रतींमध्ये तीनशेचेच अंतर. एक पायरी घसरली की दर बदलतो, त्यामुळे खाण आणि गिऱ्हाईक यांच्यातले अर्धे तंटे या तीनशेवरच असतात.

भाचीने मग कारखान्याच्या प्रयोगशाळेचा कागद पुढे केला. ओलावा 8 टक्के, राख 36, बाष्पनशील द्रव्य 26, फिक्स्ड कार्बन 30. तिच्या कारखान्यातल्या एका इंजिनियरने 30 टक्क्यांना 3.67 ने गुणून 1.10 टन काढले होते आणि तारे मिळतील म्हणून तो खूश होता.

मामांचा आवाज इथे चढला. “अगं, फिक्स्ड कार्बन म्हणजे सगळा कार्बन नव्हे! एक ग्रॅम कोळसा झाकणाच्या मुशीत घालून 900 अंशांवर सात मिनिटं ठेवतात. जे उडून जातं ते बाष्पनशील. ओलावा, राख आणि ते, तिन्ही शंभरातून वजा केल्यावर उरतो तो फिक्स्ड कार्बन. तो कुणी मोजतच नाही, वजाबाकीत सापडतो. आणि जे उडालं त्यात काय असतं? मिथेन, डांबर, कार्बन मोनॉक्साइड. त्यातही कार्बन आहे, भट्टीत तोही जळतो. या कोळशात एकूण कार्बन 42 टक्क्यांच्या आसपास असणार. तुमच्या त्या इंजिनियरनं त्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त कागदावरच जिरवला.”

मला विचाराल तर रायपूरमध्येच नव्हे, कुठेही होणारी ही सर्वांत सोयीची चूक आहे. प्रत्येक कारखान्याच्या कागदावर फिक्स्ड कार्बनचा आकडा आयता असतो, एकूण कार्बनचा नसतो. त्यासाठी वेगळे यंत्र लागते. हाताशी असलेला आकडा वापरला जातो, आणि तो नेमका फायद्याच्या बाजूने चुकतो.

“मग तुमचं उत्तर काय?” भाचीने विचारले.

मामांनी कागद उलटा करून पेन घेतले. या कोळशाचा जीसीव्ही 4000 किलोकॅलरी धरला. टनाला 16.75 गिगाज्यूल. केंद्रीय विद्युत प्राधिकरण वीजकेंद्रांचे उत्सर्जन काढते तेव्हा एका गिगाज्यूलमागे 90.6 किलो धरत आले आहे. तोच 95.8 चा आकडा, पण निव्वळ उष्मांकावरून एकूण उष्मांकावर आणलेला आणि दोन टक्के कार्बन राखेत न जळता राहतो असे मानून कमी केलेला. गुणाकार 1517 किलो, म्हणजे 1.52 टन.

“आता गंमत बघ. कोळशात दगडमाती वाढली की कार्बन कमी होतो आणि उष्णताही कमी होते, दोन्ही जवळपास बरोबरीनं. म्हणून टनामागे किती वायू हे कोळशागणिक दुपटीनं बदलतं, पण उष्णतेमागे किती वायू हे फारसं हलत नाही. तुझ्या पुस्तिकेत अँथ्रासाइटला 98.3 आहे, सब-बिट्युमिनसला 96.1, बिट्युमिनसला 94.6. चार-पाच टक्क्यांचा खेळ. तुझा घोळ त्या 94.6 मध्ये नव्हताच. तू वजनाला धरून बसलीस, तिथं तो झाला. उष्णता धर.”

भाचीने हे लगेच मान्य केले. हिशेबातली माणसे योग्य एकक दिसले की हट्ट करत नाहीत. पण तिचा खरा मुद्दा इथून पुढे आला, आणि मला तो मामांच्या रसायनशास्त्राइतकाच वजनदार वाटला.

“ठीक आहे, उष्णता धरली. आता सगळं त्या 4000 वर लटकलं ना? आणि 4000 कोण सांगतं? आमचीच प्रयोगशाळा. कोळसा उतरवताना जीसीव्ही कमी निघाला तर आम्ही पुरवठादाराकडून पैसे कापतो, म्हणजे कमी निघावा असं आम्हाला वाटतं. वीजकेंद्रात जीसीव्ही कमी दाखवला की तेवढ्या विजेला कोळसा जास्त लागला असं म्हणून इंधनखर्च ग्राहकावर टाकता येतो. आणि आता कार्बन. जीसीव्ही कमी, तर वायू कमी, तर तारे जास्त. मामा, कोळसा घेणाऱ्याचे तिन्ही स्वार्थ एकाच दिशेला बघतात. म्हणून मला पुस्तकातला आकडा आवडतो. तो ढोबळ असेल, पण त्याला कुणाचा पगार चिकटलेला नाही.”

“आमच्या हाताखाली असं काही झालं नाही,” मामा म्हणाले.

“तुमच्याबद्दल नाही म्हणत मी. पण फावडं कुणाच्या हातात असतं?”

फावड्याचा विषय निघाला आणि मामा खुलले. एका रेकमध्ये 58-59 वॅगन, चार हजार टनांच्या आसपास कोळसा. त्यातून शेवटी बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये जातो एक ग्रॅम. मधला प्रवास असा: वॅगनमधून ठिकठिकाणी फावडे मारून नमुना काढायचा, फोडायचा, शंकूसारखा ढीग करून दाबायचा, चार भाग करून समोरासमोरचे दोन फेकायचे, उरलेले पुन्हा फोडून पुन्हा ढीग. शेवटी 212 मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतकी पूड. तिची एक ग्रॅमची गोळी मुशीत ठेवायची, वरून निक्रोमची तार आणि सुती दोरा, पोलादी बॉम्ब बंद करून पंचवीस-तीस वातावरणांच्या दाबाने ऑक्सिजन भरायचा, पाण्यात बुडवून बटण दाबायचे. आवाज येत नाही, फक्त पाणी तापते. 4000 वाला कोळसा असेल तर साधारण पावणेदोन अंशांनी.

“पावणेदोन अंश!” मामा म्हणाले. “त्यात वाचताना पाच शतांश अंश इकडंतिकडं झालं की शंभरावर किलोकॅलरी गेल्या. म्हणून आधी बेंझोइक आम्लाची गोळी जाळून यंत्र तपासायचं, ग्रॅमला 6318 कॅलरी मिळाल्या पाहिजेत. यंत्र तरी असं तपासता येतं. फावडं कसं तपासणार? माणूस ट्रकवर चढतो, वरच्या वर हाताला येईल ते भरतो. मोठ्या ढेकळांत दगड असतो, ते फावड्यात येत नाहीत. किंवा सांगितलं असेल तर तेच येतात.”

“हेच मी म्हणत होते ना.”

“हो. पण त्यावर उपाय पुस्तक नव्हे. उपाय तिसरा माणूस. धनबादची केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्था खाणीच्या तोंडाशी नमुने घेते ना वीजकेंद्रांसाठी? दोन्ही बाजूंची माणसं समोर उभी ठेवून.”

इथे मी मामांच्या बाजूला झुकतो, पण अर्धाच. तिसरा माणूस परवडतो तो मोठ्या वीजकेंद्राला. सिलतऱ्यात ट्रकने कोळसा घेणाऱ्या कारखान्याला प्रत्येक खेपेला तटस्थ साक्षीदार उभा करणे जमणार नाही, आणि जमले तरी वर्षाअखेरीस आवारातला ढीग मापायला पुन्हा अंदाजच लागतो. वापर म्हणजे सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा. त्या ढिगाची घनता कोणी तोलून पाहत नाही. उन्हाळ्यात ढीग आतून धुमसतो; कार्बन तिथेही जळतोच, फक्त त्याने किल्नचे तोंड पाहिलेले नसते.

आणि पावसाळा. मामांच्या मते छत्तीसगडमध्ये जुलै ते सप्टेंबरचा कार्बनचा हिशेब वेगळा मांडायला हवा. प्रयोगशाळा नमुना हवेत सुकवून घेते; त्यात ओलावा उरतो समजा 6 टक्के. वॅगनमधल्या ओल्या कोळशात तो असतो 14. शंभर टन कोळशात कोरडा माल खरा 86 टन, आणि प्रयोगशाळेचा उष्मांक तसाच लावला तर हिशेबात धरला जातो 94. साडेआठ टक्के उत्सर्जन निव्वळ पावसाच्या पाण्याचे! भाचीने ही ओळ लगेच वहीत टिपली, कारण इथे पहिल्यांदाच प्रामाणिक दुरुस्ती तिच्या कारखान्याच्या फायद्याची होती.

एका कारखान्यापुरता हा फरक घरगुती वाटेल. चीनमध्ये याच प्रश्नाने जगाचा हिशेब हलवला होता. 2015 मध्ये ‘नेचर’मध्ये चू लिऊ आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्यांनी चिनी कोळशाचे नमुने प्रत्यक्ष तपासले आणि पुस्तिकेतला गुणक त्या कोळशाला फार मोठा पडतो असे दाखवले. 2013 चे चीनचे उत्सर्जन आधीच्या एका प्रचलित अंदाजापेक्षा 14 टक्क्यांनी कमी निघाले. मामांना हे उदाहरण तोंडपाठ होते.

“आणि त्याच वर्षी काय झालं ते पण सांगा ना,” भाची म्हणाली. “चीननं स्वतःचेच कोळशाचे जुने आकडे वाढवले. आधी सांगितलं होतं त्यापेक्षा बराच जास्त कोळसा जळला होता. तुमचा शास्त्रज्ञ गुणक सुधारतो, आणि तिकडं टनेजच खोटं निघतं. म्हणून मी पावत्या सांभाळते.”

मामांकडे यावर उत्तर नव्हते. माझ्याकडेही नाही. भारताने 2024-25 मध्ये 100 कोटी टनांहून जास्त कोळसा काढला. टनामागच्या आकड्यात दशांशानंतरचा एक अंक बदलला, 1.5 चा 1.6 झाला, तरी 10 कोटी टनांचा फरक पडतो. गेवरा, दीपका, कुसमुंडा या कोरब्याच्या खाणींतून त्यातला फार मोठा वाटा निघतो. तो कोळसा कुठल्या प्रतीचा, हे साइडिंगवरच्या फावड्यावर ठरते.

बिरगाव-उरला भागात राहणाऱ्यांना हे सगळे ऐकवले तर ते गच्चीवरचा काळा थर दाखवतात. त्यांची तक्रार खरी आणि जुनी आहे. पण तो थर म्हणजे न जळलेला कार्बन आणि राख. या हिशेबात तो वजाबाकीच्या बाजूला जातो. भट्टी नीट जळाली तर गच्ची स्वच्छ राहील आणि कार्बन डायऑक्साइड किंचित वाढेल. दोन वेगळे प्रश्न आहेत हे रायपूरमध्ये समजावून सांगणे सोपे नाही.

शेवटचा आणि सर्वांत कडू वाद डोलोचारवर झाला. स्पंज आयर्नच्या किल्नमध्ये कोळसा फक्त जळत नाही. तो लोहखनिजातला ऑक्सिजनही काढून घेतो. म्हणून तो जास्तच घालावा लागतो, आणि शेवटी लोखंडासोबत काळा भुगा बाहेर पडतो, चुंबकाने वेगळा केलेला. त्यात डोलोमाइटचा अंश, राख, आणि न जळलेला कार्बन. हाच डोलोचार. पूर्वी तो रस्त्याकडेला टाकत. आता फ्लुइडाइज्ड बेड बॉयलरमध्ये जाळून वीज करतात.

“म्हणजे ते 90.6 किल्नला लागूच नाहीत,” मामा म्हणाले. “त्यात दोन टक्केच कार्बन शिल्लक धरलाय, वीजकेंद्राच्या बॉयलरसारखा. टनाला अडीचशे किलो डोलोचार निघाला आणि त्यात पाव हिस्सा कार्बन असेल, तर बासष्ट किलो कार्बन तुझ्या किल्नमध्ये जळालाच नाही. पाव टनाला थोडा कमी वायू. तो वजा कर.”

“आम्ही डोलोचार विकतो. पलीकडचा कारखाना जाळतो.”

“मग तो त्याच्या खात्यात. आणि तुझ्या डोलोमाइटमधून निघणारा वायू मात्र तुझ्या खात्यात घाल, तो कोळशाच्या ओळीत दिसणार नाही.”

“डोलोमाइटचं मान्य. पण पलीकडचा धरतो का? मी विचारलं होतं. तो म्हणतो, डोलोचार म्हणजे टाकाऊ माल, टाकाऊ मालापासूनची वीज म्हणजे शून्य उत्सर्जन. आम्ही वजा केला आणि त्यानं धरला नाही, तर तो वायू रायपूरच्या हवेत आहे आणि कुणाच्याच वहीत नाही.”

“त्याचा खोटेपणा तू कशाला भरून काढतेस? तुझा आकडा खरा पाहिजे.”

“माझा एकटीचा आकडा खरा असून काय उपयोग? बेरीज खरी पाहिजे.”

यावर दोघांचे जमले नाही. भाचीने तक्त्यात कोळशासाठी 1.52 भरले, ओलाव्याची दुरुस्ती महिन्यागणिक केली, आणि डोलोचार वजा न करता शेऱ्याच्या रकान्यात त्याचे टनेज आणि घेणाऱ्या कारखान्याचे नाव लिहिले. मामांना हे आळशी वाटले. त्यांचे म्हणणे, आकड्यापुढे कमी-जास्तीची मर्यादा तरी लिही, आठ-दहा टक्के. तक्ता एकच आकडा घेतो, अधिक-उण्याचे चिन्ह टाकले की लाल होतो, असे तिने दाखवले. मामांनी स्वतः टाकून पाहिले. लाल झाला. मग सोमवारी येणाऱ्या मालाचा नमुना आपण स्वतः उभे राहून काढून घेऊ, पुरवठादाराचा माणूस समोर ठेवून, असे त्यांनी जाहीर केले. आणि निवृत्त माणसाला गेटपास कोणत्या नावाखाली काढायचा, यावर दोघांची पुन्हा जुंपली.